मोटरहोम चढावर दम टाकतं: डिझेल इंजिनाची ताकद अचानक जाते, मार्गदर्शन हवे

रानवाट

मंडळी, इतके दिवस नुसता वाचक होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

आमचं मोटरहोम डिझेलवरचं. व्हॅनच्या चॅसिसवर बांधलेलं, कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक, जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते), टर्बो, गिअर हाताने टाकायचे. पाण्याची टाकी आणि सामान भरलं की वजन साडेतीन टनांच्या आसपास जातं. सपाटीवर काडीची तक्रार नाही. पण लांबलचक चढ लागला आणि पाय जरा जास्त वेळ दाबून ठेवावा लागला की पिकअप जातो. हळूहळू नाही, एका क्षणात. चेक इंजिनचा दिवा लागतो, आरपीएम अडीच हजारांच्या वर सरकत नाही आणि मागे ट्रकांची रांग लागते. बाजूला घ्यायचं, किल्ली काढायची, थोडं थांबायचं, परत सेल्फ मारायचा, की गाडी शहाण्यासारखी चालू लागते. पुढच्या मोठ्या चढापर्यंत.

आतापर्यंत काय केलं: डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काढून साफ करून घेतला. फरक शून्य. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असतो. काळा धूर नाही. स्कॅनर लावला की कोड येतो पी००८७. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, हाय प्रेशर पंप गेला, तो बदला आणि हात घातलाच आहे तर चारही इंजेक्टर बदलून टाका. तो खर्च ऐकून घरात शांतता पसरली आहे. त्याआधी तपासण्यासारखं काही आहे का? पाने चालवता येतात, पण कॉमन रेलला हात लावायची धास्ती वाटते.

आगाऊ धन्यवाद.

चौथा गिअर

टर्बोचा होज बघा. डोळे झाकून सांगतो. इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) जाणारा रबरी होज खालच्या बाजूने चिरतो. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, दिसत नाही. चढावर टर्बोने हवा दाबली की ती उघडते, हवा बाहेर, ताकद गायब, गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ताकद छाटतो. किल्ली बंद-चालू केली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. लक्षणं तंतोतंत तीच आहेत.

ग्रीसचे हात

चौथा गिअर, लक्षणं जुळतात, कोड जुळत नाही. होज फाटला तर पी०२९९ येतो, म्हणजे टर्बोचा दाब कमी. शिवाय डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून मागून काळा धूर मारते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. रानवाट सांगतायत धूर नाही. पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कॉम्प्युटरने मागितला तेवढा झाला नाही.

पण रानवाट, कोड एवढंच सांगतो की दाब कमी पडला. कुणामुळे पडला ते सांगत नाही. टाकीतली जाळी, नळी, फिल्टर, फीड पंप, हाय प्रेशर पंप, रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह, रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर, आणि खोटं बोलणारा सेन्सर, एवढे सगळे संशयित आहेत. तुमच्या गॅरेजने सगळ्यात महागाच्या माणसाला आधी पकडलंय. पंप अजिबात काढू देऊ नका.

चार प्रश्न:

सकाळी पहिला स्टार्ट लांबतो का? आणि गरम असताना बंद करून लगेच सुरू केली तर?

टाकी फुल्ल असताना आणि कमी असताना त्रासात फरक पडतो का?

काढलेला जुना फिल्टर ठेवलाय का?

हा त्रास सुरू होण्याआधी गाडीला कुणी हात लावला होता? इंजिनाला असं म्हणत नाही, गाडीला. मागच्या घराच्या भागाचं कामसुद्धा सांगा.

अनुजा_व

फिल्टरचा प्रश्न अगदी बरोबर. मोटरहोमचं दुखणं हे की ते चालतं कमी आणि उभं जास्त राहतं. अर्धवट भरलेल्या टाकीत बाहेरच्या थंड-गरमीने आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, डिझेलवरच जगतात. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते पाणी आणखी धरून ठेवतं. तयार होतो तो काळपट, बुळबुळीत गाळ. सपाटीवर तो तळाशी पडून असतो. चढावर गाडी हिंदकळली आणि डिझेलची ओढ वाढली की जाळीला येऊन चिकटतो. बंद केलं की ओढ थांबते, गाळ सुटून खाली बसतो आणि गाडी परत ठीक.

तपासायला सोपं: फिल्टरच्या खालच्या ड्रेन स्क्रूमधून पाव लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. मधे जाळीदार काळा पापुद्रा दिसला तर निदान झालंच. जुना फिल्टर असेल तर करवतीने कापू नका, लोखंडाचा चुरा आत पडतो आणि नंतर त्यावरून भलतेच निष्कर्ष निघतात. पत्रा कापायच्या कात्रीने उघडा.

वायरमन

दुसरी बाजू मांडतो. आधी तुमच्या गाडीची रचना कुठली ते ठरवा. काही गाड्यांत टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. काहींत टाकीत पंपच नसतो, हाय प्रेशर पंपाच्या पोटात छोटा गिअर पंप असतो आणि तो टाकीपासून डिझेल ओढून घेतो. किल्ली ऑन केल्यावर सेल्फ न मारता मागून दोन-तीन सेकंद घूंऽ असा आवाज आला तर बहुधा पहिला प्रकार.

पहिला प्रकार असेल तर पंपाच्या प्लगवर व्होल्टेज मोजा, पण पंप चालू असताना, प्लग जोडलेला ठेवून. प्लग काढून मोजलं तर सडलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते, लोड आला की झोपते. मोटरहोममध्ये अर्थिंगचा घोळ नेहमीचा आहे. बॉडी बांधणारे चॅसिसला नवीन भोकं पाडतात, रंगावरच नट आवळतात आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे गंज. जनरल टीप: बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी आधी साफ करा. तुमच्या त्रासाशी याचा थेट संबंध नसेलही, पण फुकटात होतं.

भटकी

धागा पळवतेय, क्षमस्व. आमचं जुनं पेट्रोलचं मोटरहोम आहे, इंजिन दोन सीटच्या मधल्या डब्याखाली. तापल्यावर चालता चालता बंद पडतं, सेल्फ फिरतो पण पकडत नाही, अर्ध्या तासाने आपोआप सुरू. हे तेच का?

ग्रीसचे हात

भटकी, वेगळं आहे. तुमच्याकडे दोनच मुख्य संशयित. एक क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा): तापला की आतली वायर सुटते, निवला की जुळते. दुसरा पेट्रोलची वाफ: इंजिन डब्यात कोंडलेलं, नळी एक्झॉस्टजवळून गेलेली, त्यात कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोल नळीतच उकळतं. फरक ओळखायचा तर बंद पडल्या पडल्या स्पार्क तपासा. स्पार्क नाही, म्हणजे सेन्सर किंवा कॉइल. स्पार्क आहे, म्हणजे पेट्रोल पोहोचत नाही. मधला डबा लगेच उघडू नका, गाडीच्या आत गरम पेट्रोलची वाफ पसरते. आधी दारं-खिडक्या उघडा. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे गल्लत होईल.

जुना खोंड

मी असले कॉम्प्युटर मानत नाही, पण एक सांगतो. मोटरहोम म्हणजे भिंत उभी करून वाऱ्यात ढकलणं. कारचं इंजिन क्वचित पूर्ण ताकदीने चालतं. हे बिचारं चढावर वीस-वीस मिनिटं पूर्ण ताकदीने चालतं. कारमध्ये जो दोष दहा वर्षं झाकलेला राहील तो इथे पहिल्याच घाटात उघडा पडतो. म्हणून "सपाटीवर मस्त चालते" या वाक्याला काही किंमत नाही. सपाटीवर सगळ्याच मस्त चालतात.

आणि तुमचे ते कोड निघायच्या आधी आम्ही एकच करायचो. बाजूला डिझेलचा डबा ठेवायचा, नळी थेट त्यात. चालली, तर दोष टाकीकडे. नाही चालली, तर दोष पुढे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने सांगतो.

बरणी रात्रभर ठेवली होती. पाणी नाही, पापुद्रा नाही, डिझेल स्वच्छ. जुना फिल्टर गॅरेजने टाकून दिला, पण मधे घातलेला नवीन काढून बघितला, तोही स्वच्छ. किल्ली ऑन केल्यावर मागून आवाज येत नाही, म्हणजे वायरमन म्हणतात तसा दुसरा प्रकार, ओढणारा.

सकाळचा स्टार्ट: हो, लांबतो. दोन-तीन दिवस उभी असेल तर फारच. गरम असताना मात्र एका झटक्यात लागते. टाकीचं म्हणाल तर तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, टाकी फुल्ल असताना हा त्रास झाल्याचं आठवत नाही. निम्म्याच्या खाली आली की हमखास. आणखी एक गोष्ट बायकोने सांगितली. टाकी भरली की पुढचा दिवसभर मागच्या दाराशी डिझेलचा वास येतो. मला वाटायचं भरताना सांडतं.

कामाचं म्हणाल तर इंजिनाला कुणी हात लावला नव्हता. मागच्या हिवाळ्याआधी घरात डिझेलवर चालणारा हीटर बसवून घेतला, तेवढंच. तो उत्तम चालतो.

ग्रीसचे हात

तो वास आणि तो हीटर. वहिनींना नमस्कार सांगा, निम्मं निदान त्यांनी केलंय.

आता नीट ऐका. तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. स्ट्रॉला मधेच भोक पडलं की तोंडात हवा येते, बाहेर थेंबही सांडत नाही, तसं. म्हणून अशी गळती डोळ्याला दिसत नाही आणि गॅरेजवाले "कुठेही लीक नाही" म्हणून पुढे सरकतात. जितकी ताकद जास्त मागाल तितकं डिझेल जास्त, तितकी ओढ जास्त, तितकी हवा जास्त. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. पंपात डिझेलबरोबर बुडबुडे गेले की रेलमध्ये दाब उभाच राहत नाही. कॉम्प्युटर थोडा वेळ वाट बघतो, मग पी००८७ लावून ताकद छाटतो.

टाकीचं गणितही जुळतं. टाकी फुल्ल असताना डिझेलची पातळी त्या ढिल्या जोडाच्या वर असते, मग हवा आत जाण्याऐवजी डिझेलच बाहेर झिरपतं. तो तुमचा वास. पातळी जोडाच्या खाली गेली की ओढ सुरू. उभ्या गाडीत त्याच जोडातून हवा शिरते, नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ लांबतो. इंजेक्टर रिटर्नला जास्त सोडत असते तर उलट गरम गाडीचा स्टार्ट लांबला असता.

हीटरवाले पुष्कळदा टाकी उतरवायचा कंटाळा करतात आणि इंजिनाच्या नळीतच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हीटरला डिझेल देतात. तुमचं तसंच झालंय असं मी अजून म्हणत नाही. मोजून बघा.

एक: स्कॅनरवर रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन्ही आकडे एकाच वेळी लावा आणि चढावर शेजारच्याला वाचू द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा. रिकाम्या चालीला दोन्ही तीनशे बारच्या आसपास असतील. चढावर मागणी हजाराच्या बरीच वर जाईल. प्रत्यक्ष आकडा मागे पडायला लागला की कुठल्या आरपीएमला पडला ते टिपून ठेवा.

दोन: फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा. डिझेलला टिकणारीच हवी, साधी पाण्याची नळी फुगते आणि निसटते. इंजिन गरम करा, उभ्या गाडीत तीन हजारांपर्यंत न्या आणि नळीकडे बघत राहा. एखाददुसरा टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा चालतो. ओढ जास्त झाली की डिझेलमध्ये विरघळलेली हवासुद्धा सुटते. पण फेस दिसला तर हवा बाहेरून येतेय.

तीन: जमलं तर तिथेच व्हॅक्यूम गेज जोडा. ओढ खूप दिसली आणि बुडबुडे नाहीत, तर मागे काहीतरी तुंबलंय, अनुजाताईंची जाळी. ओढ कमी आणि बुडबुडे भरपूर, तर गळती.

चार: खोंडकाकांचा डबा. तो अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. फक्त उभ्या गाडीत. डबा घेऊन चढावर जायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आणि हे आधी वाचा. मोटरहोममध्ये डिझेलचं काम करण्यापूर्वी घरातल्या गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, गॅसवरचा फ्रिज बंद, गीझर बंद, हीटर बंद. या गाडीत आपण नेहमी विसरतो की फूटभर अंतरावर एखादी ज्योत जळत असते. पंपापासून पुढच्या लोखंडी नळ्यांना, म्हणजे रेल आणि इंजेक्टरच्या, चालू इंजिनात हात लावायचा नाही. जुन्या डिझेलवर नट ढिला करून एअर काढायचे, तसं इथे नाही. तिथली बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. असं कधी झालं तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना. बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटं द्या.

चौथा गिअर

पी०२९९ मान्य. पण माझा होजही एकदा बघून घ्या, हाताने दाबून बघायला काय जातंय.

अनुजा_व

ग्रीसभाऊ, एक भर. पंप कोरडा फिरवू नका. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल बहुतेक वेळा नसतं, डिझेलच त्याचं वंगण. नळ्या सोडल्यावर एअर काढायला सेल्फ मारत बसलं तर चांगला पंप खरोखरच जातो आणि आतून धातूचा चुरा पूर्ण रेलमध्ये पसरतो. मग गॅरेजवाले म्हणत होते तो खर्च खरा होतो. फिल्टरजवळचा रबरी हँडपंप कडक होईपर्यंत दाबायचा, मगच सेल्फ.

रानवाट

निकाल.

चढावरचे आकडे मुलीने वाचले. सुरुवातीला दोन्ही आकडे हातात हात घालून वर गेले. मग मागणी १,४०० च्या आसपास होती आणि प्रत्यक्ष आकडा १,२०० वर रेंगाळला, तिथून १,०५०, आणि ती नऊशे म्हणाली तेवढ्यात दिवा लागला. तिसऱ्या गिअरमध्ये, २,८०० आरपीएम. टाकी पावभर.

पारदर्शक नळी: रिकाम्या चालीला अधूनमधून एखादा बुडबुडा. तीन हजारांना नेलं तर नळी पांढरी दिसायला लागली, सोड्याच्या बाटलीसारखी नाही, त्याहून बारीक. फोटो काढला पण फोटोत काही कळत नाही. मग डबा. फिल्टरपर्यंतची नळी थेट डब्यात, हँडपंप कडक होईपर्यंत दाबला, इंजिन चालू केलं, तीन हजारांना पाच मिनिटं ठेवलं. नळी स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. म्हणजे फिल्टर, पंप, इंजेक्टर सगळे सुटले. हवा फिल्टर आणि टाकीच्या मधे शिरतेय.

मग खाली शिरलो. गाडी जॅकवर नव्हे, दोन्ही चाकं रॅम्पवर आणि मागच्या चाकांना अडण्या लावून, हे सांगून ठेवतो. स्टेपनीच्या वर, जिथे हात जेमतेम पोहोचतो तिथे, इंजिनाच्या नळीत प्लॅस्टिकचा टी सापडला. हीटरचीच जोडणी. त्याच्या भोवती धूळ बसून काळी, ओलसर कड झाली होती, बाकीची नळी कोरडी धूळकट. बोटाने पुसलं तर खाली रबराला चीर. क्लिप रुंद पट्टीची, दातेरी, स्क्रूने आवळायची. पट्टीच्या खाचांनी रबर कापून आत पिळून काढलं होतं. वर रबरी नळीचा व्यास टीच्या नळकांड्यापेक्षा मोठा, म्हणून बसवणाऱ्याने ती जीव खाऊन आवळलेली.

ग्रीसचे हात

झालं. क्लिप बदलून चालवू नका. टीच काढून टाका.

इंजिनाची नळी टाकीपासून फिल्टरपर्यंत अखंड हवी, तिच्यात जोड नको. हीटरला त्याची स्वतःची नळी. टाकीच्या वरच्या सेंडर युनिटवर (डिझेलची पातळी मोजणारा भाग), जिथे काट्याची वायर जाते, बऱ्याच व्हॅन चॅसिसला हीटरसाठी एक बंद केलेलं तोंड मुळातच दिलेलं असतं. ते असेल तर टाकीला भोक पाडायची गरज नाही. नसेल तर स्टँडपाइप, म्हणजे वरून टाकीत सोडलेली उभी नळी, बसवावा लागेल. त्याचं टोक टाकीच्या तळापासून बोटभर-दोन बोटं वर कापलेलं हवं. एक तर तळाचा गाळ हीटरमध्ये जात नाही, आणि दुसरं, रात्रभर हीटर चालला तरी इंजिनापुरतं डिझेल टाकीत उरतं. टीचा तिसरा तोटा तुमच्या लक्षात आला असेलच: थंडीत जाग येईपर्यंत टाकी कोरडी.

टाकी उतरवायची असेल तर आधी जवळजवळ रिकामी करा. पन्नास-साठ लिटर डिझेल म्हणजे चाळीस-पन्नास किलो, ते जॅकवर हेलकावे खातं तेव्हा माणूस टाकीखाली नको. क्लिप लहान व्यासाच्या, अखंड पट्टीच्या घ्या, इंधनाच्या नळीसाठी मिळतात त्या. नळीचा व्यास तोटीला तंतोतंत जुळला पाहिजे, आवळून जुळवायचा नाही.

वायरमन

आणि खाली आहातच तर सेंडर युनिटच्या प्लगचे दात पुसून स्प्रे मारा. काटा उद्या खोटं बोलायला लागला की पुन्हा धागा काढाल.

जुना खोंड

डब्याचं श्रेय मला मिळालं ना? ठीक.

एक शंका. इतके महिने हवा खाऊन पंप झिजला नसेल कशावरून?

ग्रीसचे हात

रास्त शंका. रानवाट, नवी नळी टाकली की दोन गोष्टी करा. सध्याच्या फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या कापडावर ओता आणि उन्हात धरून बघा. चंदेरी चकाकी दिसली तर थांबा, चालवू नका, तो धातूचा चुरा आहे. नाही दिसली तर पुन्हा चढावर तेच दोन आकडे वाचा. नवीन फिल्टर टाकून काही शे किलोमीटरनंतर कापड परत एकदा. इंजेक्टरचा रिटर्न मोजायचा तर चार सारख्या बाटल्या लावून मोजतात, पण आकडे नीट आले तर आत्ता त्याची घाई नाही.

रानवाट

टाकी उतरवली. सेंडरवर ते बंद तोंड होतं! प्लॅस्टिकची टोपी लावून कारखान्यातूनच आलेलं. हीटर बसवणाऱ्याने टाकीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. टोपी कापली, हीटरची नळी तिथे जोडली, इंजिनाची नळी टाकीपासून फिल्टरपर्यंत एकसंध नवीन टाकली. कापड स्वच्छ, चकाकी नाही. हँडपंप दाबता दाबता अंगठा सुजला, पण पहिल्या सेल्फला लागली.

चढ तोच, टाकी मुद्दाम पावभर, पाण्याची टाकी भरलेली. मुलगी आकडे वाचत होती. मागणी १,४५०, प्रत्यक्ष १,४३०. मागणी १,५००, प्रत्यक्ष १,४९०. वर पोहोचेपर्यंत दोन्हीत फार अंतर पडलं नाही. चौथा गिअर, तुमचा होजही दाबून बघितला, धडधाकट आहे. गॅरेजला फोन करून पंपाची ऑर्डर रद्द केली. ते म्हणाले, "कोड तर पंपाचाच होता."

आता नवीन भानगड. इंजिन उत्तम, पण हीटर सुरू होत नाही. टक-टक-टक आवाज येतो, पंखा फिरतो, थोडा वेळ प्रयत्न करतो आणि दिवा मिचकावून बंद. तीनदा केलं.

अनुजा_व

टक-टक म्हणजे त्याचा छोटा डोसिंग पंप, तो ठीक आहे. नवी नळी पूर्ण रिकामी आहे आणि तो पंप दर टकीला अगदी थेंबभर ओढतो, टाकीपासून हीटरपर्यंत पोहोचायला वेळ लागणारच. पण पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नका. ठरावीक वेळा पेटला नाही की बरेचसे हीटर स्वतःला लॉक करतात आणि मग ते उघडायला वेगळी खटपट. तुमच्या पुस्तिकेत प्राइमिंगचा, म्हणजे न पेटवता नळी डिझेलने भरून घ्यायचा, मोड दिलाय का बघा. नसेल तर हीटरच्या बाजूचं टोक सोडून सिरिंजने हलकेच ओढून नळी भरून घ्या, खाली फडकं धरा. आधीच्या तीन प्रयत्नांत थोडं डिझेल आत साठलं असेल तर पहिल्यांदा पांढरा धूर येईल, त्या वेळी खिडक्या बंद ठेवा आणि एक्झॉस्टजवळ कुणाला उभं करू नका.

रानवाट

प्राइमिंगचा मोड आहे, पान सापडलं. सिरिंजही आणून ठेवली आहे. उद्या उजेडात करतो.